जुना माइन डिटेक्टर मिळालाय? चालू करायची घाई नको, आधी त्याला गप्प बसवायचंय

प्रश्न साताऱ्याच्या एका वाचकाचा आहे, थोडक्यात सांगतो. त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक लाकडी पेटी घेतली. आत दीड फूट व्यासाची प्लायवुडची गोल तबकडी, तुकडे जोडून लांब करायचा दांडा, दांड्याच्या वरच्या टोकाला मीटर आणि नॉब असलेला डबा, कॅनव्हासची पिशवी, पिशवीत अजून एक डबा, आणि 'माइकसारखं काहीतरी'. विकणारा म्हणाला महायुद्धातलं सुरुंग शोधायचं मशीन आहे, इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईतलं. यांचे पणजोबा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या, रस्ते मोकळे करणाऱ्या आर्मी इंजिनिअरांमध्ये होते, म्हणून भावनेच्या भरात घेतलं. आता विचारतायत की हे नक्की काय आहे, चालू होईल का, आणि झालं तर एखाद्या किल्ल्यावर नेऊन बघता येईल का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही. का ते खाली सांगतो, पण तो विचार आत्ताच डोक्यातून काढून टाका म्हणजे बाकीचं नीट वाचता येईल.

माझ्याबद्दल एवढंच की मी मूळचा डोंबिवलीचा, गेली बावीस वर्षं इंग्लंडात, आणि त्यातली सोळा-सतरा वर्षं हा नाद. जुने आर्मी रेडिओ जमवता जमवता एकदा एका शेतकऱ्याच्या कोठारात एक डिटेक्टर चाळीस पौंडांना मिळाला आणि तिथून जे सुरू झालं ते बायकोच्या भाषेत 'गॅरेज गेलं ते गेलंच'. आत्तापर्यंत अकरा सेट हातातून गेले, त्यातले सात बोलायला लागले. बोलायला म्हणजे खरं तर गप्प बसायला, हाच सगळा मुद्दा आहे, येतो त्यावर.

तुमच्या वर्णनावरून हा अमेरिकन एससीआर-६२५ दिसतो. प्लायवुडची तबकडी, पिशवीतला अॅम्प्लिफायर आणि ते जे 'माइकसारखं' म्हणताय ना, तो माइक नाही, रेझोनेटर आहे, खांद्यावर कानाजवळ अडकवायचा छोटा स्पीकर समजा. तो सुटा विकला जातो आणि बहुतेक सेटमधून गायब असतो, तुमच्याकडे आहे म्हणजे नशीब जोरावर आहे. डब्यावरची धातूची पट्टी बघा, त्यावर सिग्नल कोअर (अमेरिकन आर्मीचा दळणवळण विभाग), मॉडेल आणि बनवणाऱ्याचं नाव असेल. ती पट्टी ब्रासोनं चकचकीत करू नका हं, अक्षरांतला रंग निघून गेला की ओळखच गेली.

आता अलामीन. विकणाऱ्यानं गोष्ट छान सांगितली पण जुळत नाही. २३ ऑक्टोबर १९४२ ला अलामीनची शेवटची लढाई सुरू झाली तेव्हा ब्रिटिश आठव्या आर्मीच्या सॅपर्सकडे जी सुमारे ५०० नवी यंत्रं होती ती पोलिश डिटेक्टर म्हणून ओळखली जातात. युझेफ कोसात्स्की नावाचा पोलिश अधिकारी, देश जर्मनांच्या ताब्यात, तो स्वतः स्कॉटलंडात, आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात त्यानं हे डिझाइन केलं. पेटंट घेतलं नाही, ब्रिटिश आर्मीला देऊन टाकलं, बदल्यात राजाचं आभाराचं पत्र मिळालं. घरचे मागे पोलंडमध्ये होते म्हणून त्याचं नाव बराच काळ गुप्त ठेवलं होतं. त्या यंत्रामुळे सुरुंग साफ करत पुढे सरकायचा वेग तासाला १०० मीटरवरून २०० वर गेला असं सांगतात. वजन १४ किलोच्या जरासं आत, ते दांड्यासकट हातात आणि पाठीवर घेऊन गोळीबारात उभं राहून चालायचं. त्याच घराण्यातली सुधारलेली मॉडेल्स ब्रिटिश आर्मीत १९९५ पर्यंत होती. ती मूळची पहिली आवृत्ती मी आयुष्यात दोनदाच बघितलीय, दोन्ही वेळा काचेच्या मागे.

तुमचा अमेरिकन सेट वेगळ्या घरचा. तो १९४२ च्या शेवटी उत्तर आफ्रिकेत अमेरिकन सैन्याबरोबर उतरला, मग ट्युनिशिया, इटली, नॉर्मंडी. भारतात कसा आला? अमेरिकन सैन्य युद्धात आसाम-बंगालकडे होतं आणि जाताना बराच माल मागे राहिला, शक्यता तीच वाटते, पण कागद असल्याशिवाय कुणाला छातीठोक सांगू नका. आणि हे यंत्र पणजोबांनी वापरलं असंही सांगू नका. ते 'असेल असेल' म्हणता म्हणता पुढच्या पिढीत 'होतंच' होऊन बसतं, मी असे तीन सेट बघितलेत ज्यांच्या गोष्टी सेटपेक्षा जास्त रिपेअर केलेल्या होत्या.

पणजोबांशी खरं नातं हवं असेल तर ते यंत्राच्या आधीच्या काळात आहे. १९४१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सुदान-इथिओपियाच्या सीमेवर, गल्लाबात-मेतेम्माच्या पुढे, सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत, खडकीच्या रॉयल बॉम्बे सॅपर्सचे, एका कॅरियरमध्ये (पट्ट्यांवर चालणारी छोटी चिलखती गाडी) बसून रस्त्यावरचे सुरुंग शोधत गेले. ४ दिवस, ५५ मैल, १५ माइनफिल्ड. पोलिश डिटेक्टरचा अजून जन्मही झाला नव्हता. गाडी दोनदा खालून उडाली, बरोबरची माणसं गेली, एका कानाचा पडदा फाटला, तरी बदली माणूस घ्यायला तयार नाहीत. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले ते पहिले भारतीय अधिकारी. पुढे १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग आणि अडथळे काढणारे रामा राघोबा राणे, परमवीर चक्र, तेही बॉम्बे सॅपर्सचेच. तेव्हा खडकीचे पणजोबा असणं म्हणजे काय हे सांगायला जुन्या बाजारातल्या पेटीची गरज नाही. पेटी पेटीच्या जागी छान आहे.

आता यंत्राकडे. हे कसं चालतं ते समजून घेतल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नका, कारण नव्वद टक्के सेट गंजानं मेलेले नसतात, हौशी माणसानं मारलेले असतात.

तबकडीत तांब्याच्या तारेच्या कॉइल आहेत. एक ऑसिलेटर त्यात सेकंदाला १००० वेळा उलटसुलट होणारा करंट सोडतो. करंट सोडणाऱ्या कॉइल दोन, एकमेकींच्या उलट्या गुंडाळलेल्या, आणि ऐकणारी तिसरी अशा जागी बसवलेली की दोघींचा परिणाम तिच्यावर बरोब्बर सारखा आणि उलटा. रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्या जोराच्या असल्या की मधला रुमाल कसा हलत नाही, तसं. दोघी जीव खाऊन ओढतायत पण ऐकणारी कॉइल म्हणते इथे काहीच नाही. ती शांतता अॅम्प्लिफायरमध्ये जाते आणि कानात येते. जवळ धातू आला की त्यात करंट फिरतात, एका बाजूचं पारडं किंचित जड होतं, आणि कानात एक बारीक सूर चढायला लागतो, मीटरचा काटा हलतो. बास, एवढंच.

म्हणजे हे आवाज करणारं यंत्र नाही, हे गप्प राहणारं यंत्र आहे. शांतता जितकी खोल तितका बारीक धातू ऐकू येणार. आणि ती शांतता कशावर उभी आहे? व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांवर नाही. लाकडावर. कॉइल केसभर सरकली तरी तोल जातो. प्लायवुडला ओल लागली, फुगलं, पापुद्रे सुटले, की कॉइलची जागा बदलली, मग तुम्ही इलेक्ट्रॉनिक्स कितीही चकाचक करा, कानात कायम पूंऽऽऽ. मी पहिल्या सेटला सहा महिने अॅम्प्लिफायरमध्ये दोष शोधत बसलो होतो, सगळे कपॅसिटर बदलले, व्हॉल्व्ह बदलले, दोष तबकडीत होता आणि तबकडी मी 'लाकूडच तर आहे' म्हणून बाजूला ठेवली होती.

त्या सेटची गंमत सांगतो. शेवटी तबकडी कडेनं बघितली तर प्लायचे थर वेगळे झालेले आणि कुणीतरी ते परत बसवायला चुका ठोकलेल्या. लोखंडी. वरून रंग मारलेला त्यामुळे दिसत नव्हत्या. फ्रिजवर लावायचं ते छोटं मॅग्नेट दोऱ्याला बांधून तबकडीवरून फिरवलं, टक, टक, टक, चौदा चुका. म्हणजे धातू शोधायच्या यंत्रालाच चौदा ठिकाणी धातू ठोकून ठेवला होता, ते बिचारं जन्मभर स्वतःलाच शोधत बसलं होतं. तेव्हा तुमचं पहिलं काम हेच, मॅग्नेट आणि दोरा. मूळ बनावटीत तबकडीजवळ लोखंड नसणार हे गृहीत धरा, जे सापडेल ते नंतरच्या माणसाची करामत. रंगाचंही तेच, चंदेरी किंवा धातूची पावडर असलेला रंग कुणी मारला असेल तर तो काढावाच लागेल. पण मूळचा हिरवट रंग असेल तर कितीही सोललेला असू दे, त्याला हात लावू नका, त्यावरची पांढरी अक्षरं तर अजिबात नाही. नवा रंग मारलेला सेट दहा फुटांवरून देखणा दिसतो आणि जाणकार माणूस तिथूनच मागे फिरतो.

दुसरं काम वाळवणं. साताऱ्याचा पावसाळा तबकडीनं किती खाल्लाय कुणास ठाऊक. उन्हात ठेवायची नाही, वाकडी होईल. हीटर नको, हेअर ड्रायर नको. एका मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात किंवा जाड पिशवीत सिलिका जेल घालून ठेवा आणि दर रविवारी वजन करा, काटा कुठलाही चालेल, मी स्वयंपाकघरातला वापरतो. वजन उतरत जातं आणि मग एका आकड्यावर थांबतं. दोन रविवार आकडा तोच आला की वाळली. माझ्या एका तबकडीला साडेसात आठवडे लागले होते. कंटाळा येतो, पण ओल्या लाकडावर चिकटवलेलं काही टिकत नाही.

मग थर चिकटवणं. इथे सगळे फेविकॉलची बाटली काढतात. फेविकॉल वाईट नाही, पण एकदा बसला की परत उघडता येत नाही, आणि पुन्हा उघडायची वेळ येते, नक्की येते. मी सरस वापरतो, सुतार लोक पूर्वी वापरायचे तोच, दुहेरी भांड्यात कोमट करून, पातळ, आणि औषधाच्या इंजेक्शनच्या जाड सुईनं पापुद्र्यांच्या आत सोडतो. गरम पाणी आणि वाफ लावली की तो परत सुटतो, हा त्याचा मोठा गुण. वर मेणकागद, त्यावर सपाट फळी, आणि दाबायला वजन. माझ्याकडे आईनं हट्टानं इंग्लंडला पाठवलेला पाटा आहे, सोळा किलोचा, विमानात त्याचे पैसे किती गेले ते सांगत नाही, पण चटणी दोनदा वाटली असेल आणि तबकड्या पाच दाबल्यात. दोन दिवस हलवायचा नाही. नंतर कडांना लाखेचं पातळ पॉलिश, तीन हात, म्हणजे ओल परत शिरणार नाही. कॉइलवर मूळचं जे मेण किंवा डांबरासारखं ओतलेलं असेल ते उकरू नका. कॉइल तुटली असेल असं वाटलं तर बहुतेक वेळा तुटलेली जागा आत नसते, केबल तबकडीत शिरते तिथे असते, वर्षानुवर्षं तिथेच वाकून वाकून तार जाते. आधी तिथे बघा. रिवाइंडिंग, म्हणजे कॉइल नव्यानं गुंडाळणं, हा अगदी शेवटचा उपाय, तेव्हाही वेढे मोजून, तारेची जाडी मोजून, फोटो काढून.

सरस आणि पाटा झाल्यावर इलेक्ट्रॉनिक्स. हे त्या मानानं सोपं आहे. व्हॉल्व्ह दोन जातींचे, ऑसिलेटरला १जी६जीटी आणि अॅम्प्लिफायरला १एन५जीटी. दोघांचे फिलॅमेंट, म्हणजे आतली तापणारी बारीक तार, १.४ व्होल्टचे, म्हणून दीड व्होल्टचे साधे सेल पुरायचे. दुसरी बॅटरी मात्र १०३.५ व्होल्टची, ती आता कुठेही मिळत नाही. हे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण १०३ व्होल्ट चुकून फिलॅमेंटच्या बाजूला गेले तर डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळे व्हॉल्व्ह खलास, एक निळसर झबका दिसतो आणि संपलं. मी केलंय, म्हणून सांगतोय. एक अजून, फिलॅमेंट शाबूत आहे का बघायला वडिलांच्या काळातला काट्याचा मल्टिमीटर लहान ओहमच्या रेंजवर लावू नका. १एन५ चं फिलॅमेंट ५० मिलिअँपिअरचं, काही जुने मीटर त्या रेंजवर त्याहून जास्त सोडतात, म्हणजे तपासतानाच मारलं. साधा डिजिटल मीटर घ्या.

कपॅसिटर कागदाचे, मेणात बुडवलेले, ऐंशी वर्षांचे, त्यातला एकही विश्वासाचा नाही. एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे सिग्नल नेणारा कपॅसिटर गळका झाला की पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीवर, नको ते व्होल्टेज जातं, तो अधाशासारखा करंट खातो, बॅटरी बसते, आवाज फाटतो. बदला, पण टाकून देऊ नका. जुन्याची कागदी नळी गरम करून आतलं काढायचं, त्यात आजचा छोटा फिल्म कपॅसिटर घालायचा आणि टोकं परत मेणानं बंद, म्हणजे झाकण उघडलं तरी आत १९४३ च दिसतं. याला लबाडी म्हणणारे लोक आहेत. मी आत एक चिठ्ठी ठेवतो, काय काय बदललं, कधी, कुणी. मग लबाडी नाही. रेझिस्टर एक पाय सोडवून मोजा, जुने कार्बनचे रेझिस्टर वयाबरोबर वाढत जातात, वीस टक्क्यांच्या पुढे गेला असेल तर बदला, नसेल तर राहू द्या. रबरी केबलचं रबर हात लावताच बिस्किटासारखं तुटत असेल तर वायरी नव्या ओढा आणि वरचं वेष्टण वाचवा.

आत सगळ्या भागांवर पिवळसर चकचकीत थर दिसला तर जरा थांबा. अमेरिकन माल दमट हवेच्या प्रदेशात पाठवताना बुरशी लागू नये म्हणून वॉर्निश फवारायचे, बहुतेकदा तसा तारखेचा शिक्काही असतो. त्या वॉर्निशमध्ये पाऱ्याची संयुगं घालायचे. थर खरवडून धूळ करू नका, त्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवून येणारा धूर छातीत घेऊ नका, खिडकी उघडी, पंखा मागून, काम झालं की हात धुवायचे, जेवणाच्या टेबलावर तर हे काम नकोच. त्या काळच्या काही मीटरच्या काट्यावर अंधारात चमकायला रेडियमचा रंग असायचा, तुमच्या मीटरची काच फुटलेली असेल तर आत बोट घालून बघू नका. आणि पेटीत सुरुंगासारखं, फ्यूजसारखं, चपटं डब्यासारखं काही निघालं, 'रिकामं असेल' वाटलं तरी, तिथेच ठेवा, बाहेर या, ११२ ला फोन करा. यात हौस नाही, यात शहाणपणाही दाखवायचा नाही.

बॅटरीसाठी नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या ओळीत जोडा. कागदावर बारा लागतात असं वाटतं, पण ताजी बॅटरी साडेनऊच्या आसपास भरते, म्हणजे अकरा पुरतात. त्या मी जुन्या बॅटरीच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करून त्यात बसवतो. शंभर व्होल्ट डीसी चांगला झटका देतो, एक हात खिशात ठेवायची सवय लावा. मोबाइल चार्जरमधून बनवलेला व्होल्टेज वाढवायचा तयार बोर्ड लोक सुचवतील, घेऊ नका, त्याची किरकिर सरळ कानात येते आणि आपण शांततेच्या मागे आहोत. पहिल्यांदा फक्त फिलॅमेंट लावा, दहा मिनिटं बघा. मग मोठी बॅटरी, पण मध्ये दहा किलोओहमचा रेझिस्टर घालून, म्हणजे आत शॉर्ट असला तरी करंट दहा मिलिअँपिअरच्या वर जाणार नाही. काही गरम होत नाही, वास येत नाही, मग रेझिस्टर काढा.

आणि आता जिथे सगळे रडकुंडीला येतात ती गोष्ट. सेट चालू झाला, कानात सूर आला, आनंद झाला, नॉब फिरवताय फिरवताय पण सूर काही जात नाही. घाबरू नका, तुम्ही फ्लॅटमध्ये आहात. स्लॅबमध्ये सळ्या आहेत, टेबलाला स्क्रू आहेत, भिंतीत वायरिंग आहे आणि पन्नास सायकलच्या विजेची विसावी पट म्हणजे नेमके १०००, तीही आत घुसते. घरात हा सेट कधीच गप्प बसणार नाही. मैदानावर जा, विजेच्या तारांपासून लांब. घड्याळ, किल्ल्या, कडं, पट्ट्याचं बक्कल काढून ठेवा, आणि बूट. बुटाच्या नाडीच्या भोकांना धातूच्या रिंगा असतात, त्यांनी मला एकदा दोन तास नाचवलंय.

तबकडी जमिनीपासून वर हवेत धरा आणि मग नॉब. दोन नॉब दोन वेगवेगळे तोल साधतात, एक पूर्ण फिरवून मग दुसरा असं नाही होत. तंबोरा लावताना एक तार जुळवली की दुसरी किंचित उतरलेली वाटते, परत पहिलीकडे यावं लागतं, तसंच. थोडा हा, थोडा तो, दर वेळी सूर अर्धा होत जातो. आणि मग एका जागी तो एकदम बुडतो. कानात फक्त व्हॉल्व्हची पातळ सळसळ, रात्री लांबून झाडाची येते तशी. त्या वेळी मुलाला सांगायचं, जरा एक सेफ्टी पिन आण. पिन तबकडीखालून गेली की तो सूर उठतो, छोटा, मग परत सळसळ. माझा तो चौदा चुकांचा सेट पहिल्यांदा असा बुडला तेव्हा मला वाटलं बंदच पडला, मी बॅटरीकडे वाकलो तर गळ्यातली साखळी लोंबली आणि तो ओरडला.

जमिनीवर नेलात की वेगळी मजा. आपली सह्याद्रीची जमीन काळ्या बसाल्टची, तिच्यात लोहचुंबकी कण भरपूर, आणि कोकणाकडे जांभा. जमिनीचा असर वजा करायची सोय जी आजच्या डिटेक्टरमध्ये असते ती याच्यात नाही. त्यामुळे तबकडी उंच-खाली झाली तरी सूर चढणार. यात सेटचा दोष नाही, १९४३-४४ मध्ये इटलीत सॅपर्सना हाच त्रास झाला होता, लोहयुक्त माती आणि वर सगळीकडे गोळ्यांचे तुकडे पसरलेले, प्रत्येक पावलाला सूर. शिवाय हा सेट वॉटरप्रूफ नव्हता, पावसात नाटकं करायचा. आणि जर्मनांनी तोपर्यंत लाकडी पेटीतला शू-माइन काढला होता, धातू फक्त फ्यूजमधला चिमूटभर, मग सैनिक पुन्हा पोटावर झोपून संगिनीनं माती टोचत बसायचे. रशियन लोकांकडे तर व्हीआयएम-२०३ असा डिटेक्टर होता ज्याची तबकडी रायफललाच लावायची, वेगळा दांडा कशाला बाळगा. जर्मन डिटेक्टरांना शहरांची नावं असायची, बर्लिन, फ्रँकफर्ट, वीन. ते दिसायला फार सुरेख, पण बाजारात नकली इतके की मी त्या वाटेला जात नाही.

किल्ल्याचं राहिलं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या कायद्यानं गुन्हा आहे. बाहेर कुठे जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर १८७८ चा कायदा म्हणतो की कलेक्टरला कळवायचं, कायदा जुना असला तरी लागू आहे. कायदा सोडा. डिटेक्टर घेऊन गुप्तधन शोधत गडावर फिरणारी आणि तटबंदीच्या पायथ्याला खड्डे पाडणारी पोरं तुम्हीही बघितली असतील, एक गंजका बाण वर येतो आणि तो ज्या थरात होता त्याची सगळी माहिती कायमची जाते. तुमच्या घराच्या अंगणात खिळे पुरा आणि शोधा, मुलांना त्यात जास्त मजा येते, माझ्याकडे दर दिवाळीत हा खेळ असतो.

किंमत विचारली नाहीत ते आवडलं. विकायची वेळ आलीच तर तुकडे करून विकू नका, रेझोनेटर एकाला, पेटी दुसऱ्याला असं झालं की सेट संपला.

आता लगेच करायचं ते असं. पट्टीचा, तबकडीच्या दोन्ही बाजूंचा, तबकडीच्या कडेचा आणि अॅम्प्लिफायरच्या आतला फोटो काढा, काही पुसायच्या आधी. मॅग्नेट फिरवा. बॅटरीच्या कप्प्यात जुनी बॅटरी फुटून पांढरं काही साचलं असेल तर ते कोरड्या ब्रशनं, हातमोजे घालून. कॅनव्हासची पिशवी मशीनमध्ये टाकू नका, नुसती झटका आणि सावलीत टांगा. आणि तबकडीचं आजचं वजन कागदावर लिहून, तारीख टाकून, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.